विसापर्यंत हात

ज्योतिबा कोळपेचा डोळ्यांवर भरवसा नाही. डोळे ठणठणीत आहेत, पंचावन्नाव्या वर्षीही तो बिनचष्म्याचा पेपर वाचतो. पण पाहिलेलं, वाचलेलं, कुणी सांगितलेलं त्याला अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं हात लावल्यावर. न्हावऱ्याच्या बाजारात कलिंगड घेताना तो विकणाऱ्याला जीव नकोसा करून सोडतो. डॉक्टरनं नातवाला ताप नाही म्हणून सांगितलं, तरी दवाखान्याच्या पायरीवर थांबून पोराच्या कपाळाला, पोटाला, तळपायाला हात लावून बघणार आणि मगच गाडीला किक मारणार. बायको धुरपदा म्हणते, "लगीन ठरलं तवा मला नुसतं बघून कशी काय पसंत केली, देव जाणं."

ही खोड त्याला आईनं लावली. बयाबाईनं. कवठे येमाईच्या माळावर कोळप्यांची मेंढरं होती, शंभराच्या आतबाहेर. रात्री ती वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडायची आणि सकाळी जाळीचं एक टोक उचलून एकेक बाहेर सोडायची. बयाबाई त्या फटीशी उकिडवी बसे आणि प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजी. अकरा वर्षांच्या ज्योतिबावर एकदा हे काम पडलं. त्यानं लांबूनच नजर फिरवली आणि "समदी हायती" म्हणून सांगून टाकलं. एक कोकरू आदल्या सांजेला ओढ्यातच राहिलं होतं. ते दुपारी ध्यानात आलं, तोवर कळप दोन कोस पुढं गेलेला. बयाबाई भर उन्हात मागं गेली आणि दिवस कलताना रिकाम्या हातानं परत आली. तिनं मारलं नाही की शिवी दिली नाही. भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "बघून सांगत जाऊ नगं. हात लावून सांगत जा."

पुढं माळ कमी झाला, चराईवरून भांडणं वाढली, मेंढरं गेली. कोळपे न्हावऱ्याच्या शिवारात येऊन राहिले आणि तेविसाव्या वर्षी ज्योतिबा शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या दूध डेअरीत कॅन धुवायला लागला. सहा वर्षं त्यानं कॅनच धुतले. कॅन धुतल्यावर आत कोपरापर्यंत हात घालून फिरवायचा आणि मगच पालथा ठेवायचा, ही त्याची पद्धत. त्याला सगळे हसायचे. हसला नाही तो फक्त एक जण, नवं पाश्चरायझर बसवायला आलेला बाहेरगावचा फिटर. त्यानं दोन दिवस हा माणूस पाहिला आणि साहेबांना सांगितलं की, यंत्रावर ह्याला द्या. त्या फिटरचं नाव ज्योतिबा अजून देवाच्या नावासारखं घेतो.

डेअरीत त्या यंत्राला कुणी पाश्चरायझर म्हणत नाही, 'प्लेटा' म्हणतात. स्टीलच्या पातळ, नक्षी पडलेल्या सत्त्याण्णव प्लेटा एकीला एक खेटून उभ्या असतात. दोन प्लेटांच्या मध्ये रबराचं गॅस्केट. दोन्ही टोकांना जाड लोखंडी पाट, आणि लांब बोल्टांनी सगळं करकचून आवळलेलं. एका फटीतून दूध जातं, शेजारच्या फटीतून गरम पाणी. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, नुसती ऊब इकडून तिकडं जाते. एका टोकाला दूध बहात्तर अंशांच्या वर तापतं आणि दुसऱ्या टोकाला बर्फाच्या पाण्याशेजारून जाऊन चार अंशांवर येतं. म्हणजे एकच यंत्र, पण त्याचं एक टोक चटका देणारं आणि दुसरं हात गारठवणारं. वाचकांनी हे जरा ध्यानात ठेवावं. ज्योतिबाच्या ध्यानातून एकदा ते गेलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

फिटरनं जाण्याआधी त्याला चार गोष्टी शिकवल्या. पंप सुरू करताना व्हॉल्व हळूहळू उघडायचा, यंत्राला धक्का द्यायचा नाही. बोल्ट सोडण्याआधी दोन पाटांमधलं माप टेपानं घ्यायचं आणि आवळताना त्याच मापावर आणून थांबायचं; प्लेट गळते म्हणून जोर लावून जास्त आवळायचं नाही. कच्च्या दुधाचा दाब तापवून झालेल्या, म्हणजे पक्क्या दुधापेक्षा कधी वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे एखादी प्लेट फुटली तरी कच्चं दूध पक्क्यात शिरणार नाही. आणि शेवटची: आत दाब असताना, गरम असताना, बोल्टाला पाना लावायचा नाही. उकळत्या पाण्याला वाट मिळाली की ते माणूस बघत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीला ज्योतिबानं आईचं शेपूट जोडलं. पंप बंद करायचा, त्याच्या स्विचला आपलं कुलूप घालायचं, ड्रेनचे कॉक उघडून पाणी काढायचं आणि मग प्लेटांच्या कडांवर हात ठेवून विसापर्यंत मोजायचं. विसापर्यंत हात ठेवता आला, तर पाना. अठराला चटका बसला, तर चहा प्यायला जायचं. शिवाय सत्त्याण्णव प्लेटांच्या कडांवरून त्यानं तांबड्या रंगाचा एक तिरपा पट्टा ओढला होता. धुऊन परत लावताना एक जरी प्लेट चुकीच्या जागी बसली तरी पट्टा तुटतो. नवे साहेब पट्ट्याला फार हुशारीची गोष्ट म्हणाले. ज्योतिबाला त्यात कसली हुशारी ते कळेना. मेंढरांच्या पाठीवर खूण करतात, तशीच प्लेटांच्या पाठीवर केली होती.

सव्वीस वर्षं त्यानं ते यंत्र सांभाळलं. शिरूरचं दूध यायचं, भीमेपलीकडून दौंडकडचं यायचं, आणि ते सगळं त्याच्या प्लेटांमधून जायचं. आपण पाठवलेल्या दुधानं एक लेकरू आजारी पडलं नाही, ह्याचा त्याला मनापासून आनंद होता आणि तो सारा मान तो यंत्राला द्यायचा. ड्यूटी संपली की प्लेटांवर हात टेकवून तोच हात कपाळाला लावायचा. लाजत नसे.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या हाताखाली हर्षदा आली. केंदूरची मुलगी, वय पंचवीस, डिप्लोमा झालेली. आधी सणसवाडीला सरबताच्या कंपनीत प्लेटांवरच होती आणि आता शिरूरला खोली घेऊन स्कुटीवरून येत होती. प्लेटांवर बाईमाणूस ही डेअरीत नवी गोष्ट होती. पहिले आठ दिवस ज्योतिबा तिच्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "मामा, विसापर्यंतच का? पंधरापर्यंत मोजलं तर न्हाई चालायचं?"

"कोकराला पाच पाय न्हाईत, म्हून विसापर्यंत," ज्योतिबानं ठोकून दिलं.

ह्याचा अर्थ तिला कळला नाही, त्यालाही कळला नव्हता, पण दोघंही हसले आणि गाडी रुळावर आली. नंतर त्यानं तिला ओढ्यातल्या कोकराची गोष्ट सांगितली. तिनं ती इतकी मनावर घेतली की कुणी पान्याला हात घातला रे घातला, की ती विचारायची, "हात लावला का?" बॉयलरवाल्याला विचारायची, वायरमनला विचारायची. एकदा प्लँटचे मुख्य, रविराजसाहेब, चहाच्या पेल्याला ओठ लावत होते तर त्यांनाही विचारलं.

मग खंडेनवमी आली. डेअरी बंद नसते, म्हशींना सण कळत नाहीत. पण दुपारी सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळात यंत्रांची पूजा होते. बाकी यंत्रांना एकेक हार. प्लेटांचा थाट वेगळा, कारण तिथं पुजारी ज्योतिबा. गरम टोकाच्या दोन्ही बाजूंना त्यानं केळीचे खांब बांधले. पुढ्यात पाटावर खंडोबाची तसबीर, नारळ, बोल्ट आवळायचे पाने, हातोडा, टेप मांडले. पाटावर भंडारा उधळला. आणि झेंडूचा हातभर जाड हार घातला तो नेमका प्रेशरच्या, म्हणजे आतला दाब दाखवणाऱ्या गेजवर, कारण हार अडकवायला त्याच्याइतकी बेतशीर जागा दुसरी नव्हती. वर काचेला हळदीकुंकवाची बोटं. पूजेची फुलं दसऱ्याच्या सांजेपर्यंत हलवायची नाहीत, हा ज्योतिबाचाच दंडक. ते गेज एवढं नटलं की काटा दिसेना, आणि सव्वीस वर्षांत हे असंच चालत आलं होतं. एकदाही त्या दिवसांत प्लेटा उघडायची वेळ आली नव्हती.

ह्या वर्षी आली. दसऱ्याच्या दिवशी सकाळचं दूध संपलं आणि गरम टोकाच्या बाजूला थेंब थेंब गळायला लागलं. गॅस्केट गेलं होतं. संध्याकाळचं दूध साडेचारला सुरू होणार, त्याआधी प्लेटा उघडून, गॅस्केट बदलून, पुन्हा आवळून, धुऊन तयार ठेवायला हव्यात. रविराजसाहेबांचा दोनदा फोन आला. घरून धुरपदाचा आला, की मुलगा रांजणगावहून आलाय, पुरण शिजलंय, आई विचारतीय. दिवसपाळीची निम्मी माणसं सणाला गेलेली. ज्योतिबानं पंप बंद केला, कुलूप घातलं, गरम पाण्याचे व्हॉल्व फिरवले आणि अर्धा तास थांबला. ड्रेनचा कॉक गरम टोकाला, पूजेच्या पाटामागं. तिथवर जायचं तर खंडोबाची तसबीर हलवावी लागणार. त्यानं मनाशी म्हटलं, पंप बंद आहे, अर्धा तास झालाय, आता दाब कुठला उरलाय? कॉक त्यानं उघडलाच नाही.

पण हात लावल्याशिवाय पाना उचलेल तो ज्योतिबा कसला. त्यानं प्लेटांवर हात ठेवला आणि विसापर्यंत मोजलं. गार. मग देवासमोरचा पाना कपाळाला लावून उचलला आणि पहिल्या नटाला अडकवला.

"मामा, हात लावला का?" मागून हर्षदानं विचारलं. ती नवीन गॅस्केट घेऊन आली होती.

"लावला की. गार पडलंय."

"कुठं लावला?"

आता मात्र ज्योतिबाचं डोकं फिरलं. "कुठं म्हंजी? प्लेटांना लावला. सव्वीस वर्सं हेच करतोय मी. तू आता मला हात कुठं लावायचा ते शिकवणार व्हय?"

"न्हाई मामा. पर केळीचा खांब हिकडं हाय, पाट हिकडं हाय. तुम्ही तिकडनंच लावला असणार. ते बर्फाच्या पाण्याचं टोक हाय, ते कायमच गार असतंय."

पाना नटावरच होता. हर्षदा पुढं झाली, तसबिरीला वाकून नमस्कार केला आणि "देवा, माफी कर," म्हणत गेजवरचा हार दोन्ही हातांनी उचलला.

"ए! सांजंपतूर फुलं हलवायची न्हाईत!" ज्योतिबा ओरडला.

तिनं ओढणीच्या टोकानं काचेवरचं कुंकू पुसलं. आत काटा साडेतीनावर थरथरत होता. दाब उतरला असता तर तो शून्यावर असायला हवा होता.

त्यानं नटावरून पाना असा अलगद काढला, की जणू तो नट झोपलेला आहे आणि जागा होईल. दोघंही चार पावलं मागं सरले. मग तो बाजूनं वळसा घालून गेला, केळीचा खांब सोडला, तसबीर स्वतः उचलून खिडकीत ठेवली आणि हर्षदाला लांब उभं करून, हातमोजे घालून, अंग चोरून ड्रेनचा कॉक उघडला. पहिला क्षण काहीच नाही. मग फुस्स झालं आणि वाफाळतं पाणी दांड्यासारखं सरळ जाऊन समोरच्या भिंतीवर आदळलं. भिंत जिथं ओली झाली, ती जागा बरोबर ज्योतिबाच्या छातीच्या उंचीवर होती. नट सोडला असता तर त्या पाण्यानं प्लेटांच्या फटीतून वाट काढली असती, आणि फटीसमोर त्याचं तोंड होतं.

कारण नंतर सापडलं. वाफेचा एक व्हॉल्व पुरता बसत नव्हता. पंप बंद होता, पण वाफ गपचूप आत झिरपत होती आणि कोंडलेलं पाणी तापत, दाब वाढत चालला होता. गेज बिचारं सगळं खरं सांगत होतं. त्याचं तोंड फुलांनी बांधलं होतं ते ज्योतिबानंच.

त्यानं बॉयलरकडून वाफ बंद करवली. मग स्वतःच साहेबांना फोन लावला. "साहेब, चूक माझी हाय. गेजवर हार मी घातलावता. ह्या पोरीनं वाचवलं मला. प्लेटा आपसूक गार झाल्याबगर मी उघडणार न्हाई. दूध थांबंल."

रविराजसाहेब म्हणाले, "थांबू द्या दूध. तुम्ही हायेत न्हवं धड? मग थांबू द्या."

अडीच वाजता ज्योतिबानं गरम टोकाला हात ठेवला. शेजारी हर्षदानंही ठेवला. दोघांनी मोठ्यानं विसापर्यंत मोजलं, शाळेतल्या पोरांसारखं. मग माप घेतलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत सोडले, गॅस्केट बदललं, सत्त्याण्णव प्लेटा हात लावून मोजल्या, आवळून मापावर आणल्या. तांबडा पट्टा अखंड उमटला. दूध पावणेपाचला सुरू झालं, फक्त पंधरा मिनिटं उशिरा, आणि गळतीचा एक थेंब नव्हता. ज्योतिबानं खंडोबाची तसबीर परत आणली आणि ह्या खेपेला गार टोकाला, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. हार तसबिरीला घातला. मग प्लेटांवर हात टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. यंत्रानं त्याला आजवर खूप दिलं होतं, घर उभं केलं होतं, गावात नाव दिलं होतं. पण आज त्यानं आभार मानले ते मागं उभ्या असलेल्या मुलीचे. तोंडानं नाही. तोंडानं तो एवढंच म्हणाला, "सण हाय. केंदूरला जायला आता उशीर झाला. घरी चल, सोनं द्यायला. म्हातारी वाट बघतीय."

न्हावऱ्याच्या शिवारातलं ज्योतिबाचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत बयाबाई पाय पसरून बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, डोळे जवळजवळ गेलेले. पण एक शिरस्ता तिनं सोडला नव्हता. घरची माणसं जेवायला बसण्याआधी एकेकानं तिच्या पुढून वाकून जायचं आणि ती पाठीवर हात ठेवून मोजणार. स्वतःला ती मोजत नसे, मेंढरं मोजणारा स्वतःला मोजत नाही. रोज पाच भरत. मुलगा रांजणगावहून आला की सहा. सुनेला सुरुवातीला ह्याचं हसू यायचं, आता एखाद्या दिवशी पाठीवर हात पडला नाही तर तिला जेवण जात नाही.

हर्षदानं आपट्याची पानं म्हातारीच्या हातात दिली, पायांवर डोकं ठेवलं. आत पुरणपोळ्यांचा वास सुटला होता. मोजणी सुरू झाली. धाकटा नातू गेला, थोरली नात गेली, सून, मुलगा, धुरपदा. "पाच," बयाबाई म्हणाली. मग ज्योतिबा वाकला.

तो सुरकुतलेला, हलका हात पाठीवर पडला आणि ज्योतिबाला वाटलं, आज ह्या हाताला माझी पाठ सापडलीच नसती. ती पाचावर थांबून सहाव्याची वाट बघत बसली असती. उठून मागं ओढ्यापर्यंत गेली असती. दिवसभर आवरून धरलेलं रडू त्याला तिथं, पडवीत, पोरानातवंडांसमोर फुटलं.

"काय झालं रं? पाठ का हालतीया तुजी?" बयाबाईनं विचारलं.

घरच्यांना त्यानं काही सांगितलं नव्हतं. हर्षदानंही नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. "आये," तो म्हणाला, "ही पोरगी आज नसती, तर तुजं एक मेंढरू कमी भरलं असतं. मी हात लावला, पर भलत्याच जागी लावला. हिनं पकडलं."

धुरपदाच्या हातातला तांब्या हातातच राहिला. बयाबाईनं मान वळवली, जिथून मघाशी मुलीच्या बांगड्या वाजल्या होत्या तिकडं. "हिकडं ये गं. वाक."

हर्षदा वाकली. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि उचलला नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत दोनदा फिरवला, नवं मेंढरू कळपात घेताना फिरवायची तसा.

"सात," ती म्हणाली.

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पोळ्या गार होत होत्या, पण ओळीतून कुणी हललं नाही.